सबवूफरची पेटी आणि माझी दुपारची झोप

हे बोटीवरून कायमचे घरी आले, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. भेटेल तो विचारतो, "आता बरं वाटत असेल नाही, माणूस घरात आलं." मी "हो" म्हणते आणि पुढे चालू लागते. शाळेतून येताना खांद्याला वह्यांची पिशवी असते, चढ असतो, आणि खरं उत्तर लांबलचक आहे.

खरं उत्तर असं, की चौतीस वर्षं हे घर मी एकटीने चालवलं आणि मला त्याची सवय झाली होती. हे दोन-तीन महिन्यांच्या सुट्टीवर यायचे. मी सुरमई आणायची, नातेवाईक यायचे, हे मुलीला मांडवीच्या समुद्रावर फिरायला न्यायचे, आणि जरा घरातले वाटायला लागले की बॅग भरायचे. जाताना रडू यायचं, नाही असं नाही. पण दोन दिवसांत घर परत माझ्या हाताखाली यायचं आणि मी निवांत व्हायची. हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून सांगितलं नव्हतं.

आमचं घर मांडवीहून वर चढणाऱ्या रस्त्याला आहे. चिऱ्याचं, वर कौलं. पुढे हॉल, बाजूला स्वयंपाकघर, आणि मागे एक खोली. मागची खोली माझी. तिथे माझी खाट, वह्या तपासायचं टेबल आणि फणसाकडे उघडणारी खिडकी. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून त्या खोलीत दुसरं कुणी पाऊल टाकत नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा असते. बारा-साडेबाराला घरी यायचं, जेवायचं, आणि एक ते तीन त्या खोलीत दार लोटून झोपायचं. आठवड्यातली तेवढीच झोप मला झोपेसारखी लागायची. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून माझ्या पगारातून मी एक छोटा इन्व्हर्टर घेतला होता. त्यावर मागच्या खोलीतला एक पंखा, एक ट्यूब आणि एक प्लग, बस्स. त्याला कुणी हात लावायचा नाही हा घरातला कायदा होता, आणि घरात मी एकटीच असल्यामुळे तो मोडत नव्हता.

हे इंजिनरूममध्ये फिटर होते. पाळी बारा ते चारची, दुपारची आणि रात्रीची. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की हे झोपत नाहीत. रात्री नाही, दुपारीही नाही. खुर्चीत दहा मिनिटं मान पडायची आणि दचकून उठायचे. मग घरभर हिंडायचे. फ्रिजवर तळहात ठेवून उभे राहायचे. विहिरीच्या पंपाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून मुठीकडचं टोक कानाला लावायचे आणि सांगायचे, "बेरिंग गेलंय ह्याचं." आणि बेरिंग खरंच गेलेलं असायचं, ही आणखी एक कटकट.

कारण यांनी सगळं दुरुस्त करायला घेतलं. न्हाणीघरातला नळ अकरा वर्षं उलटा उघडायचा. मला ते ठाऊक होतं, हाताला पाठ झालं होतं. यांनी तो सुलटा केला आणि मी शाळेची साडी नेसून दोनदा भिजले. मी ओरडले तर म्हणाले, "अगो, नीट केलाय तो." मी म्हटलं, "मला तो वाईटच बरा होता." भांडायची सवय नाही त्यांना. बोटीवर भांडण झालं तर त्याच माणसाबरोबर आठ महिने जेवायचं असतं.

एकदा मी जरा बऱ्या तोंडाने विचारलं, "झोप का येत नाही हो? डॉक्टरकडे जाऊया का?"

"शांत हाय ना घर. लय शांत."

"शांत कसलं? आवाज बंद केला की इथे समुद्र ऐकू येतो."

"समुद्र काय गो, तो बाहेरचा आवाज. आम्ही खाली कामाला. चौतीस वर्षांत मी समुद्र ऐकला असेल तो सुट्टीवर आलो तेव्हाच."

मी त्याचा फार विचार केला नाही. पाचवीच्या पन्नास वह्या समोर होत्या.

इंजिनरूमने यांचे कान अर्धे खाल्ले होते. बारीक आवाज येतच नाहीत. कुकरची शिट्टी नाही, माझी हाक तर नाहीच. त्यामुळे टीव्ही एवढा मोठा, की वाडीच्या टोकाला बातम्या कळाव्यात. माझं डोकं ठणकायचं. एका संध्याकाळी मी रिमोट हिसकावून घेतला आणि म्हटलं, "या घरात एक तर हा टीव्ही राहील नाही तर मी." हे दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी सांगितलं, "होम थिएटर करूया. नीट केलं तर मोठं लावायला लागत नाय. स्वस्तात होतं, मी करतो." आणि जागा कुठली, तर मागची खोली. चौकोनी आहे म्हणे, आणि एक भिंत मोकळी आहे.

मी थकलेली होते, म्हणून "करा काय ते" म्हटलं. थकलेल्या माणसाने होकार देऊ नये. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझं टेबल हॉलमध्ये आणि खाट भिंतीला सरकवलेली.

मग सामान यायला लागलं. मंडप-डेकोरेशन बंद केलेल्या एकाकडून जुना ॲम्प्लिफायर आला. तो पाण्याच्या घडवंचीएवढा होता आणि त्याला उदबत्तीचा वास यायचा, इतके गणपती त्याने काढले होते. समोरचे दोन स्पीकर माझ्या लग्नातल्या टेपरेकॉर्डरचे. राहिला सबवूफर, म्हणजे खालचा, घुमणारा आवाज काढणारा मोठा स्पीकर. तो विकत घ्यायचा नाही, घरी करायचा. गाड्या मोडणाऱ्याकडून बारा इंची वूफर आणला, ताटाएवढा, काळा. त्याच्यासाठी जाड प्लायवूडची पेटी करायची होती, आणि त्या पेटीने आमचे दोन महिने खाल्ले.

काम सगळं बोटीवरच्या पद्धतीने. माझ्या शाळेच्या सामानातली एक कोरी वही घेतली, तिला रेघा मारल्या आणि रोज लिहायला लागले. किती वाजता सुरू केलं, काय केलं, काय राहिलं. खाली सही. मी म्हटलं, "सही कुणासाठी? साहेब येणार आहे बघायला?"

"पुढच्या पाळीवाल्यासाठी. त्याला कळायला नको, काय झालंय न् काय नाय?"

"आणि पुढच्या पाळीला इथे कोण आहे?"

यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत सॅंडपेपर घासायला लागले.

पेटीच्या आत कापूस भरायचा असतो, तो माझ्या उशीतून गेला. पेटीला हवेसाठी पाईप लागतो, तो न्हाणीघराच्या कामातून उरलेला सांडपाण्याचा. सांधे गोंदाने चिकटवून झाले की हे उदबत्ती पेटवायचे आणि पेटीच्या कडेकडेने फिरवायचे. आत आवाज चालू. जिथे धूर वाकडा झाला तिथून हवा गळते, तिथे परत गोंद. मी देवासमोर लावायला गेले तर उदबत्तीचा पुडा रिकामा. मी त्या दिवशी देवाला हात जोडून एवढंच म्हटलं की आता तूच यांना आवर.

पहिल्यांदा पेटी पूर्ण आवाजात वाजली तो रविवार होता. मी स्वयंपाकघरात होते. आधी मांडणीवरचे डबे थरथरले, मग पेले एकमेकांवर वाजायला लागले, आणि वरून एक पाल तव्याशेजारी पडली. आवाज म्हणावा असा कानाला आलाच नाही, तो पायातून आला. आठ दिवसांनी पाऊस पडला आणि नेमका हॉलमध्ये, माझ्या टेबलावर गळायला लागला. कौलं मे महिन्यातच परतून घेतली होती. ज्याने ती परतली होती तो वर चढला आणि ओरडला, "बाई, वानर नाचलेत इथं. पार सरकलीत कौलं." मी म्हटलं, "हो, यंदा वानर फार झालेत." हे खाली उभे राहून शिडी धरत होते. त्यांना ऐकू आलं की नाही, देव जाणे. वही मात्र भिजली होती ती सहामाही परीक्षेच्या गुणांची, आणि ती मी परत पहिल्यापासून उतरवली.

एवढं करून सिनेमा बघावा, तर तेही नाही. एकदा मला बोलावून खुर्चीत बसवलं, मारामारीचा एक सिनेमा लावला, आणि दहा मिनिटांत मीच पेंगले. यांचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. मी उठून गेले की टीव्ही बंद, आणि मोबाईलची वायर ॲम्प्लिफायरला लावून काहीतरी ऐकत बसायचे. बाहेर नुसती घरघर यायची. एकसारखी, खालची, थांबतच नाही अशी. मला वाटलं पेटी बिघडली आहे. मी रोज सांगायची, "ती घरघर काढा आधी. डोक्यात घुसते." हे म्हणायचे, "बघतो." वहीत लिहायचे. दुसऱ्या दिवशी घरघर जास्तच.

तशात बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजंटाचा फोन आला. हे बाजारात स्क्रू आणायला गेले होते, मोबाईल चार्जिंगला होता, मी उचलला. एजंट ओळखीचा. म्हणाला, "काकी, एक सहा महिन्यांचं काम हाय. जुनी बोट, जुनं इंजिन. नवी पोरं घाबरतात त्याला, काकांसारखाच माणूस हवाय. सोमवारपर्यंत कळवायला सांगा."

माझं मन एकदम हलकं झालं. लपवून काय करू? मी फोन ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. पेटी कुठे ठेवता येईल, टेबल कुठे येईल, खाट खिडकीखाली परत कशी बसेल, सगळं डोळ्यांसमोर आलं. सहा महिन्यांचे शनिवार. हे परत आले तेव्हा चपला काढायच्या आत मी निरोप सांगितला. एवढ्या घाईने मी यांना कधी चहाही विचारला नसेल.

यांनी पिशवी खाली ठेवली. "तुला काय वाटतं?"

"तुमची इच्छा असेल तर जा. मी कशाला अडवू? आजवर कधी अडवलंय?"

"नाय, तसं नाय अडवलंस."

एवढंच बोलणं झालं. हे मागे गेले. संध्याकाळी केर काढताना वही उघडी दिसली. त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सोमवारच्या आत पेटी पुरी करणे.' खाली सही. मी केर भरून टाकला. आपण काहीतरी वाईट केलं आहे हे मला तेव्हा कळलं होतं, पण झोप इतकी डोळ्यांवर होती की मी ते मनावर घेतलं नाही.

शनिवार आला. मी साडेबाराला घरी पोचले तर पेटी पुरी झालेली. पॉलिश करून, पुढे काळं कापड लावून खाटेशेजारी ठेवली होती. मी "छान झाली" म्हटलं. जेवलो. हे मागे गेले आणि मी हॉलमध्ये चटई टाकली. पाठ टेकते न टेकते तोच जमिनीतून घरघर सुरू. पाठीच्या कण्यातून डोक्यापर्यंत. अर्धा तास मी दात आवळून पडले आणि मग उठले. आज सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवूनच दार ढकललं.

हे माझ्या खाटेवर झोपले होते. पेंगणं नव्हे, झोप. तोंड उघडं, घोरणं चालू. एक हात खाटेवरून खाली सुटलेला आणि तळवा पेटीवर. दीड वर्षात मी यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. त्याआधीच्या सुट्ट्यांमध्ये तरी पाहिलं होतं का, ते आठवेना.

ॲम्प्लिफायरवर मोबाईल होता. त्यावर एक व्हिडिओ परत परत लागत होता. पिवळे दिवे, हिरवे रंगवलेले पाईप, लोखंडी जिना, कुणाचे तरी बूट. बोटीवरच्या शेवटच्या दिवशी यांनी किंवा कुणी काढलेला असावा, दोनेक मिनिटांचा. इंजिनरूम. मी मोबाईलची वायर काढून तो कानाजवळ नेला असता तर त्यातून नुसती खडखड ऐकू आली असती. हा खालचा आवाज मोबाईलमध्ये मावत नाही. त्याच्यासाठी ताटाएवढा वूफर लागतो, जाड पेटी लागते, उशीतला कापूस लागतो. म्हणजे सिनेमा नव्हताच कधी. मी रोज काढून टाका म्हणत होते, तीच घरघर हे दोन महिने नीट आणायला बघत होते.

मी उंबऱ्यावर बसले. मला राग आला. सांगायचं नाही का माणसाने? पण सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, तेही मला माहीत होतं.

आणि लाईट गेली.

पंखा फिरत राहिला, तो इन्व्हर्टरवर. पेटी भिंतीच्या प्लगवर होती, ती गप्प झाली. डोळे उघडायच्या आत हे उभे होते. अनवाणी, दाराकडे धाव, एक हात भिंतीवरून चाचपत, जिन्याचा कठडा शोधावा तसा. मला अडखळले. "काय झालं? खाली कोण हाय?"

त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. एवढा दांडगा माणूस, ओठ पांढरे पडलेले.

"अहो, लाईट गेलीय. घरी आहात तुम्ही."

मग खाटेवर बसले. घामाने बनियन चिकटलं होतं. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर आपणहून बोलले, नाहीतर विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

"बोटीत इंजिन चालू असलं की कुणी उठत नाय. कितीपण आवाज असूदे. बंद पडलं की अख्खी बोट जागी होते."

मी त्यांच्या हातातला पेला घेतला.

"घरी आल्यापासून ते बंदच हाय गो," हे म्हणाले.

दीड वर्ष माणूस बंद पडलेल्या बोटीत जागा होता आणि मी त्याला नळावरून बोलत होते. मला रडू फुटलं. मी शिक्षिका आहे, मुलांसमोर कधी रडले नाही, यांच्यासमोर रडले. म्हटलं, "म्हणून जाताय का परत?"

"मला कुठं जायचंय? गुडघे गेलेत. तिथं दिवसाला पन्नास वेळा जिना चढायचा." मग पदर तोंडाला लावलेल्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जा म्हणालीस म्हणून."

मी उठले. पंख्याचा स्विच बंद केला. भिंतीतली ॲम्प्लिफायरची पिन उपसून इन्व्हर्टरच्या प्लगात घातली.

"अगो, दोन्ही नाय ओढणार तो. ॲम्प्लिफायर जुना हाय, खातो."

"म्हणून तर पंखा बंद केला. झोपा."

सोमवारी मधल्या सुट्टीत मी एजंटाला फोन केला. ते येणार नाहीत म्हणून सांगितलं. "काकी, काकांना विचारलंत का?" तो म्हणाला. मी म्हटलं, "आता विचारलं."

हे झालं त्यानंतर सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. मांडणीवरच्या डब्यांखाली मी वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या आहेत, तरी पेले वाजतात. कौलंवाला दोनदा येऊन गेला आणि आता तोही वानरांबद्दल बोलत नाही, नुसता पेटीकडे बघतो. यांचं खुर्चीत दचकणं थांबलं. माझी खोली गेली ती गेलीच. उन्हाळ्यात लाईट गेली की पंखा बंद आणि पेटी चालू, आणि मी हॉलमध्ये घाम पुसत वह्या तपासते. शनिवारी चटईवर पडते. खालून घरघर येत राहते. थकवा आहे तेवढाच आहे. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, तोवर तो जाईल असं वाटत नाही.

गेल्या रविवारी सकाळपासून लाईट नव्हती. वाऱ्याने कुठेतरी झाड पडलं होतं. जेवून मी आडवी झाले, आणि पुढचं मला आठवतं ते एवढंच, की मी मागच्या खोलीच्या दारात उभी होते. अनवाणी, एक हात भिंतीवर. कशाने उठले ते आधी कळेना. मग कळलं. इन्व्हर्टर उतरला होता आणि पेटी गप्प होती.

हे अजून डोळे उघडत होते. "काय झालं गो?"

"बंद पडलं," मी म्हटलं.

यांनी उशाची वही घेतली, घड्याळात बघून वेळ लिहिली, काय झालं ते लिहिलं, आणि सहीसाठी पेन माझ्यापुढे धरलं.